‘मी सध्या जागेवर नाही’



आपल्यापैकी ज्यांची मुले, सुना, जावई मोठ्या कंपन्यांत नोकरीला आहेत, त्यांना हा अनुभव केव्हा ना केव्हा आलाच असेल. आपण मुलाच्या कार्यालयीन पत्त्यावर ईमेल धाडतो. अर्ध्या मिनिटात उत्तर येते. ‘किती तत्पर आहे हो आमचा मुलगा’ असे म्हणत आपण ते उघडतो, तर आत लिहिलेले असते की मी रजेवर आहे, अमुक तारखेला परतेन, काम तातडीचे असल्यास तमुक सहकाऱ्याशी संपर्क साधावा. पोटचा मुलगा आपल्याला सहकाऱ्याच्या दारी पाठवतो आहे, हे वाचून माझे एक ज्येष्ठ रुग्ण दोन दिवस जेवणावर रुसले होते. ते उत्तर मुलाने लिहिलेले नसून यंत्राने पाठवलेले आहे, आणि यंत्राला आईवडील नसतात, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

या यंत्राची कुळकथा मोठी गमतीची आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी एरिक ऑलमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ‘व्हेकेशन’ नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. धनी सुट्टीवर असताना आलेल्या पत्राला त्याच्या वतीने उत्तर देणे एवढेच तिचे काम. त्यात एक अडचण होती. दोन माणसे एकाच वेळी सुट्टीवर गेली, तर एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राला ‘मी नाही’ म्हणणार, दुसरे पहिल्याला ‘मीही नाही’ म्हणणार, आणि हा संवाद जगाच्या अंतापर्यंत चालणार. म्हणून एका माणसाला साधारण आठवड्यातून एकदाच उत्तर द्यायचे, अशी सोय त्यात करण्यात आली. काही जुनी दांपत्ये तपासायला येतात तेव्हा मला या आज्ञावलीची आठवण होते. त्यांच्यात अशी सोय बसवलेली नसते.

आरंभीची ही उत्तरे सभ्य असत. पुढे लोकांना कंटाळा आला आणि त्यांत मौज शिरली. ‘मी दहा दिवस रजेवर आहे, या काळात आलेले प्रत्येक पत्र न वाचता पुसले जाईल, आपले काम खरोखर महत्त्वाचे असल्यास मी परतल्यावर पुन्हा लिहावे,’ अशा आशयाचे उत्तर मी स्वतः वाचले आहे. दुसऱ्या एका गृहस्थांनी, ‘मी जिथे आहे तिथे समुद्र आहे आणि आपण नाही, या दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे,’ असे कळवले होते. वरिष्ठांनाही तेच उत्तर गेले असणार. पुण्याच्या पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील आणि त्या वेळात घंटा वाजवू नये, असे स्वच्छ अक्षरांत सांगणारा दुकानदार हा या कलेचा मूळ आचार्य म्हणायला हवा.

वैद्यकाशी जवळचे उदाहरण फ्रान्सिस क्रिक यांचे आहे. डीएनएच्या रचनेच्या शोधाबद्दल १९६२चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्यांच्याकडे विनंत्यांचा पूर लोटला. त्यांनी एक कार्ड छापून घेतले. डॉ. क्रिक आपले आभारी आहेत, परंतु पुढील गोष्टी करण्यास असमर्थ आहेत, असे म्हणून खाली यादी दिलेली होती: स्वाक्षरी देणे, छायाचित्र पाठवणे, मुलाखत देणे, भाषण करणे वगैरे. त्या यादीत ‘आपला आजार बरा करणे’ हीही एक नोंद होती. लागू असेल तिथे खूण करायची आणि कार्ड टपालात टाकायचे. ते कार्ड वाचून माझ्यातल्या डॉक्टराला जो हेवा वाटला, तो सांगण्यासारखा नाही.

यंत्राच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबले की काय होते, याचा नमुना वेल्समधल्या स्वान्सी शहराने २००८ साली जगाला दाखवला. अवजड वाहनांना प्रवेश बंद असल्याची पाटी तिथे इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत हवी होती. नगरपालिकेने मजकूर भाषांतरकाराकडे ईमेलने पाठवला. लगोलग वेल्श भाषेत उत्तर आले. अधिकाऱ्यांना वेल्श येत नव्हते. त्यांनी ते उत्तरच पाटीवर रंगवून रस्त्याकडेला उभे केले. त्याचा अर्थ होता, ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचे काम पाठवून ठेवावे.’ हसून झाले असेल, तर एक विनंती. डॉक्टरांना किंवा मुलाला पाठवलेल्या संदेशाला काहीतरी उत्तर आले, म्हणजे निरोप पोहोचला आणि समजला, असे मानू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन निळ्या खुणाही एवढेच सांगतात की तो संदेश कोणाच्या तरी पडद्यावर उघडला गेला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या ७४ वर्षांच्या एका गृहस्थांचा उजवा हात सकाळी चहाचा कप धरताना एकाएकी लुळा पडला आणि जीभ जड झाली. पत्नीने बंगळुरूच्या मुलाला संदेश पाठवला. मुलगा विमानात होता. त्याच्या फोनने परस्पर उत्तर दिले, की मी आत्ता बोलू शकत नाही, थोड्या वेळाने फोन करतो. ‘थोड्या वेळाने’ हे शब्द त्या माउलीने प्रमाण मानले आणि दोन तास वाट पाहिली. दूधवाल्याचे पैसे द्यायला आलेल्या शेजाऱ्याच्या लक्षात आले म्हणून बरे. पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी तुंबली असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या साडेचार तासांतही जितके लवकर तितके चांगले. मोठी वाहिनी बंद झाली, तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. हे गृहस्थ मुदत संपायला थोडा अवधी असताना रुग्णालयात पोहोचले. आज ते चालतात, बोलतात. सदऱ्याची बटणे मात्र पत्नीला लावून द्यावी लागतात. ती दोन तासांची किंमत आहे.

तेव्हा तोंड वाकडे होणे, हात वा पाय लुळा पडणे, बोलणे बोबडे होणे, छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटणे, श्वास न पुरणे, यांपैकी काहीही झाले तर प्रथम १०८ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा. मुलाला नंतर कळवावे. मुलगा रागावणार नाही, आणि रागावलाच तर त्याला माझ्याकडे पाठवावे.

परगावी निघालेल्या मुलांनाही थोडे सांगायचे आहे. कंपनीतून निघताना आपण जे लिहून ठेवता, तेच घरासाठी लिहावे: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नाही, माझ्याऐवजी कोण, आणि ती व्यक्तीही न भेटल्यास कोण. कंपनीच्या कामासाठी तुम्ही सहकारी नेमता आणि आईच्या मधुमेहासाठी ‘काही लागलं तर कळव’ एवढ्यावर भागवता, हे मला पटत नाही. मात्र ही माहिती घरात ठेवावी, जगाला देऊ नये. ‘मी उद्या रात्रीपर्यंत विमानात आहे’ असे अनोळखी माणसालाही सांगणारे उत्तर भामट्यांच्या हाती पडले, तर ‘तुमच्या मुलाला अपघात झाला, ताबडतोब पैसे भरा’ असा फोन नेमका त्याच वेळात आईवडिलांना येऊ शकतो. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि नेमलेल्या दुसऱ्या माणसाला फोन करावा. पैसे तोवर थांबतात.

आता ज्यांच्यासाठी मी हा विषय खरे तर हाती घेतला, त्यांच्याकडे वळतो. नोकरदार माणसाला निदान ‘मी नाही’ असे सांगण्याची सोय आहे. जर्मनीतल्या डाइम्लर कंपनीने २०१४ साली अशी व्यवस्था केली, की कर्मचाऱ्याची इच्छा असेल तर त्याच्या सुट्टीतली पत्रे आपोआप पुसली जातील आणि पाठवणाऱ्याला पर्यायी व्यक्तीचे नाव कळवले जाईल. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून घरातल्या आजारी वा वृद्ध माणसाची देखभाल करणाऱ्या नोकरदाराला वर्षातून एक आठवड्याची बिनपगारी रजा मागता येते. बिनपगारी का होईना, पण कायद्याने ती रजा आहे असे म्हटले आहे.

घरात बसून शुश्रूषा करणाऱ्या बाईला ही रजा कोण देणार? (बाई म्हणतो, कारण माझ्या दवाखान्यात निम्म्याहून अधिक वेळा ती पत्नी, सून किंवा लेक असते. पुरुषही असतात आणि त्यांचे हालही तेच असतात.) जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. हे तास नोकरीचे आहेत. नोकरी करून घरी आल्यावर सासऱ्यांना रात्री तीनदा उठवून लघवीला नेणाऱ्या सुनेचे तास कोणत्याच हजेरीपटावर लागत नाहीत.

ती माझ्याकडे सासऱ्यांची औषधे लिहून घ्यायला येते. तेव्हा मी तिला विचारतो, काल किती तास सलग झोप झाली? तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला? उत्तर बहुधा हसून टाळले जाते. पाठ धरलेली असते, स्वतःच्या थायरॉइडच्या गोळ्या आठवडाभर राहिलेल्या असतात. एखादी दार लोटून घेऊन रडते, आणि काल रागाच्या भरात आपण सासूबाईंच्या हातावर चापट मारली असे सांगते. मी त्यावर प्रवचन देत नाही. अशा वेळी त्या घरात औषध सासूबाईंना नव्हे, सुनेला लागते, आणि पहिले औषध म्हणजे ठरलेली, नियमित, कोणाची परवानगी न मागता घेतलेली सुट्टी. रोज दोन तास किंवा आठवड्यातून एक दिवस, जे जमेल ते. झोप उडणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे असे होत असेल, तर मात्र सुट्टीवर न थांबता डॉक्टरांना स्वतःसाठी भेटावे.

‘पण माझ्यामागे होईल का नीट?’ हा प्रश्न ठरलेला. होईल, लिहून ठेवले तर. एका कागदावर औषधांची नावे, वेळा आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते लिहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते ठळक लिहा. कंपवाताची गोळी घड्याळाच्या काट्यावर लागते आणि बराच काळ चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करायचे नसते, हे नव्या माणसाला ठाऊक नसते. जेवण कमी गेले तर इन्सुलिनचे काय करायचे, ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून लिहा. भरवताना ताठ बसवणे, नंतर अर्धा तास आडवे न करणे, अंथरुणाला खिळलेल्याची साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, हे करून दाखवा. विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाला शक्यतो दुसऱ्या घरी हलवू नका. येणाऱ्याने इथे यावे. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले असू द्या. एकाएकी गोंधळल्यासारखे, असंबद्ध बोलू लागले तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे किंवा सोडियम उतरणे यांपैकी काही असू शकते, आणि ते त्याच दिवशी दाखवावे. सवडीने सल्ला वा माहिती हवी असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे.

कंपवाताने आजारी असलेल्या पतीची सात वर्षे सेवा करणाऱ्या, वयाने ६८च्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या माझ्या एका रुग्ण आहेत. वाढलेला रक्तदाब गोळीला दाद देईना, तेव्हा त्यांना मी दुपारची झोप लिहून दिली, अगदी औषधाच्या चिठ्ठीवर. त्यांनी ती शिस्तीत घेतली. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणि घराच्या दारावर एकच मजकूर लावला: ‘दुपारी २ ते ४ मी झोपते. यांची चौकशी ४ नंतर करावी. येताना सल्ला आणू नये. भाजी आणल्यास चालेल. ज्यांना २ ते ४ यांच्याजवळ बसायचे आहे, त्यांनी वार कळवावा.’ दोन नणंदा महिनाभर बोलल्या नाहीत. एका पुतण्याने मात्र गुरुवार कळवला, मग समोरच्या काकांनी मंगळवार. पुतण्या दर गुरुवारी येतो, काकांना जुनी गाणी ऐकवतो आणि येताना दुधी आणतो. बाईंचा रक्तदाब आता आटोक्यात आहे, गोळीची मात्रा मला वाढवावी लागली नाही. परवा गेलो होतो, तर दारावरच्या कागदात एक ओळ वाढली होती: ‘दुधी पुरे.’