नॉर्ग्येलिंग आमच्या अभ्यासक्रमात का नाही?

मराठी विभागांतून ‘डायस्पोरा’ हा शब्द फार उत्साहाने वापरला जातो. चर्चासत्रे होतात, निबंध वाचले जातात; आणि त्या सर्वांतला परका माणूस ठरलेला असतो. तो पुण्या-मुंबईहून लंडनला किंवा न्यू जर्सीला गेलेला, पुरणपोळीच्या आठवणीने व्याकूळ होणारा मराठी माणूस असतो. त्याच्या व्याकुळतेबद्दल आमची तक्रार नाही. परकेपण म्हणजे केवळ मराठी माणसाचे परदेशातले परकेपण, या गृहीतकाबद्दल आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १९९९ मध्ये. म्हणजे ही ‘बाहेरची’ माणसे जिल्ह्याहून वयाने मोठी! नवेगावबांधचे पक्षी मारुती चितमपल्लींमुळे मराठी वाचकाच्या घरचे झाले. त्याच अरण्याच्या आसपास अर्धशतकाहून अधिक काळ धान पिकवणारा तिबेटी शेतकरी मात्र आमच्या वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेतही नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा गजबजते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ही माणसे स्वेटरांचे गठ्ठे घेऊन शहरोशहरी निघतात. आम्हा प्राध्यापकांची त्यांच्याशी ओळख बहुधा स्वेटरच्या भावापुरतीच.

शब्दांचे राजकारणही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतला आपला माणूस ‘अनिवासी’, नॉर्ग्येलिंगमधला ‘निर्वासित’. एका शब्दाला प्रतिष्ठा चिकटलेली, दुसऱ्याला दया. आणि दयेच्या विषयावर समीक्षा कशाला लिहायची?

वास्तविक कादंबरीकाराने हेवा करावा असे द्रव्य येथे पडून आहे. भारतीय नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी या भूमीवर जन्मलेला माणूस जन्माने नागरिक ठरतो. तिबेट्यांच्या बाबतीत हे मान्य व्हायला मात्र २०१० मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. आई-वडील दोघेही निर्वासित असतील, तर १९८६ मध्ये जन्मलेली थोरली बहीण नागरिक होऊ शकते आणि १९८८ मध्ये जन्मलेला धाकटा भाऊ नोंदणीपत्राचे नूतनीकरण करीत राहणारा परदेशी. एकच घर, एकच चूल, आणि मधून गेलेली कायद्याची रेघ. ‘ओळख’ आणि ‘सीमारेषा’ या संज्ञा फळ्यावर लिहून समजावताना आम्हाला यापेक्षा चांगले उदाहरण कोठे मिळणार होते?

‘पण ते मराठीत लिहीत नाहीत,’ असा आक्षेप येतो. ठीक. भारतात वाढलेला तेनझिन त्सुंदुए हा तिबेटी कवी मुंबई विद्यापीठात शिकला आणि इंग्रजीत लिहिता झाला. त्याच्या लेखनाच्या निमित्ताने तरी मराठी वर्गात निर्वासनाची चर्चा व्हायला काय हरकत होती? शिवाय प्रश्न त्यांनी मराठीत लिहिण्याचा नाहीच. तो मराठी लेखकाच्या नजरेचा आहे. परका आपल्या गावात येऊन राहिला तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागलो, बाजारात कोणत्या भाषेत बोललो, आपल्या बोलीतले कोणते शब्द त्याच्या तोंडी रुळले, हे नोंदवणे मराठी साहित्याचे काम नव्हे काय? पहिली पिढी मावळते आहे. भारतातल्या तिबेटी वसाहतींतली तरुण मुले युरोप-अमेरिकेकडे जात आहेत. आणखी काही वर्षांनी विचारायला तेथे कोण असेल?

एखाद्या विद्यार्थ्याने असा विषय लघुप्रबंधासाठी सुचवलाच, तर ‘हा समाजशास्त्राचा प्रांत’ म्हणून तो परत पाठवण्याची आमच्याकडे रीत आहे. न्यू जर्सीतला गणेशोत्सव समाजशास्त्राचा प्रांत कसा ठरत नाही, हे मात्र त्या बैठकीत कुणी विचारत नाही.