वन टाइम वॉच

'कसा होता सिनेमा?' असे विचारावे, तर आमच्या कळंबोलीत उत्तर ठरलेले : 'ठीक. वन टाइम वॉच.' अहो, मसालेभाताला कोणी असे म्हणते का?

परवा शेजारच्या भाऊंनी 'कोर्ट' पाहिला. चैतन्य ताम्हाणे यांचा; २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट म्हणून सुवर्णकमळ मिळवलेला. भाऊंचा निकाल मात्र जिन्यातच : 'काहीच घडत नाही हो! नुसत्या तारखा पडतात.'

अहो भाऊ, तेच तर घडतंय! गटारात उतरणारा कामगार. आधी झुरळ बाहेर येतं का बघायचं. आलं, तर आत हवा आहे असं समजून उतरायचं. तो मेला. आणि खटला कुणावर? म्हाताऱ्या शाहिरावर! का, तर म्हणे त्याच्या गाण्यानं कामगारानं जीव दिला.

भाऊंचा स्वतःचा भाडेकरूवरचा दावा अकरा वर्षे चालू आहे. तिथे तारीख पडली की बिल्डिंगभर आरडाओरडा, आणि पडद्यावर पडली की जांभई!

आमच्या बँकेत अर्धवट भरलेली स्लिप मी खिडकीतून परत देतो. तशीच भाऊंना त्यांची परत केली. भाऊ जरा घुटमळले. म्हणाले, 'झुरळाचं कधी झालं? तेवढ्यात मी दूध उतरवायला गेलो असेन.'