बंधुभावाचं बंद दार

गुपित फुटलं की त्याची किंमत संपते, असं आपण समजतो. फ्रीमेसन मंडळींच्या बाबतीत तसं झालेलं नाही. त्यांची गुपितं १७३० सालीच लंडनमध्ये छापून आली. सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या एका माजी सभासदाने छोटी पुस्तिका काढली आणि तिच्यात दीक्षेचा विधी, शपथ, हस्तांदोलनाच्या खुणा, परवलीचे शब्द असं सगळं सांगून टाकलं. पुस्तिका हातोहात खपली. लॉज, म्हणजे या मंडळींच्या शाखा, मात्र बंद पडल्या नाहीत. उलट जगभर पसरल्या. आजही दीक्षा घेणारा पुरुष डोळ्यांवर पट्टी बांधून घेतो आणि पावणेतीनशेहून अधिक वर्षं जगजाहीर असलेली गोष्ट कुणाला न सांगण्याची शपथ घेतो.

मग ही गुप्तता कशासाठी? आतल्या गोष्टीसाठी नाही, हे तर उघड आहे. ती दारासाठी आहे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरवण्याचा अधिकार टिकावा म्हणून गुपित लागतं. आणि त्या दाराबाहेर पहिल्या दिवसापासून आपण बायका आहोत. म्हणून या प्रश्नात आपण लक्ष घालायला हवं. ‘पुरुषांचे खेळ आहेत, खेळू देत’ म्हणून सोडून देण्यासारखा तो नाही.

१७१७ साली लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज झाली. १७२३ साली जेम्स अँडरसन यांनी तिची घटना लिहिली. माणसाचा धर्म विचारायचा नाही, राजकारण लॉजबाहेर ठेवायचं, सगळे सभासद एकमेकांचे भाऊ, असे त्या काळाच्या मानाने पुढारलेले नियम तिच्यात होते. पण कुणाला घ्यायचं नाही याचीही यादी त्याच घटनेत होती. त्या यादीत गुलाम आणि अनैतिक वर्तनाचे पुरुष यांच्याबरोबर समस्त स्त्रिया आहेत. गुलाम मुक्त होऊ शकतो, बदफैली माणूस सुधारू शकतो. बाईने काय करावं? तिचा गुन्हा एकच, ती बाई आहे.

दीक्षेत काय घडतं?

उमेदवाराच्या अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ, सगळा धातू काढून घेतात. डोळ्यांवर पट्टी बांधतात. गळ्यात दोरीचा फास अडकवतात. एका पायाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडतात, सदरा उघडून डावी छाती मोकळी करतात. छाती का उघडी करायची, याचं एक स्पष्टीकरण या मंडळींतच चवीने सांगितलं जातं: पुरुषवेशात एखादी बाई शिरली नाही ना, हे पाहायला! मग त्याला आंधळ्यासारखं खोलीभर फिरवतात, उघड्या छातीला टोकदार वस्तू टेकवतात आणि शपथ देतात. इंग्लंडमध्ये १९८६ पर्यंत या शपथेतच शिक्षाही होती. गुपित फोडलं तर गळा चिरावा, जीभ उपटावी. मग पट्टी सुटते आणि समोर सगळे ‘भाऊ’ उभे.

याचा अर्थ लावायला फार विद्वत्ता लागत नाही. आधी माणसाला सगळ्यांसमोर असहाय करायचं आणि मग त्याच हातांनी उचलून घ्यायचं. ज्यांनी आपल्याला त्या अवस्थेत पाहिलं त्यांच्याशी तो बांधला जातो. इतकं सोसून मिळालेली गोष्ट फालतू होती, असं कबूल करणं जड जातं, म्हणून तिची किंमत त्याच्या मनात वाढते. पुढच्या वर्षी नव्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला तोच उत्साहाने उभा राहतो. कॉलेजच्या वसतिगृहांतलं रॅगिंग याच वाटेने जातं. महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. तरी ‘यातूनच मैत्री घट्ट होते’ असं सांगणारे सीनियर अजून भेटतात. मैत्री होते की नाही कोण जाणे, तोंड बंद ठेवण्याची सवय मात्र नक्की लागते.

तिसऱ्या पायरीच्या दीक्षेत तर उमेदवार मरतो! सॉलोमन राजाच्या मंदिराचा शिल्पकार हायरम याला गुपित सांगत नाही म्हणून ठार मारतात, अशी त्यांची कथा आहे. उमेदवाराला हायरम करून खाली निजवतात आणि मग भाऊबंद त्याचा हात धरून उठवतात. पुरुषांनी पुरुषाला दिलेला हा जन्म. आईची गरजच उरली नाही.

हे वाचताना आपल्याकडची मुंज आठवली तर नवल नाही. तिथेही दुसरा जन्म आहे, म्हणून तर ‘द्विज’. मातृभोजनात मुलगा आईच्या पानात शेवटचं जेवतो आणि तिच्या जगातून उठतो. मग कापडाआड त्याच्या कानात मंत्र सांगतात. तो मंत्र आज कुणाच्याही मोबाइलवर वाजतो, पण कानात सांगण्याचा विधी चालूच आहे. मंत्र लपवणं हा त्याचा हेतू असता तर तो केव्हाच बंद पडला असता. कुणाच्या कानात सांगायचा आणि कुणाच्या नाही, हे दाखवणं हाच हेतू आहे. १८९९ च्या सुमारास कोल्हापुरात वेदोक्ताचा वाद पेटला तेव्हा प्रत्यक्ष छत्रपती शाहू महाराजांना शूद्र ठरवून वेदमंत्र नाकारले गेले. आणि मंत्र नाकारणाऱ्या त्या भटजींच्या स्वतःच्या बायका? त्याही बाहेरच होत्या.

शपथ आणि कायदा

‘असेना का विधी, कुणाचं काय बिघडतं? ही मंडळी दानधर्म करतात, एकत्र जेवतात,’ असं म्हटलं जातं. दानधर्म करतात हे खरंच आहे. पण काय बिघडतं याचे दाखलेही इतिहासात आहेत.

१८२६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया गावच्या विल्यम मॉर्गनने फ्रीमेसनांचे विधी छापण्याचं जाहीर केलं. क्षुल्लक कर्जाच्या आरोपावरून त्याला तुरुंगात टाकण्यात आलं. कुणीतरी पैसे भरून त्याला सोडवलं, दारातच घोडागाडीत कोंबलं आणि नायगारा किल्ल्याकडे नेलं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. मागे तरुण बायको आणि दोन लहान मुलं उरली. पळवून नेणाऱ्यांमध्ये फ्रीमेसन होते, त्या भागाचा शेरीफसुद्धा होता. पहिल्या खटल्यात चौघांना एक महिना ते दोन वर्षं एवढ्याच शिक्षा झाल्या. भावाला दिलेली शपथ आणि कायद्याला दिलेली शपथ यांत कुठली मोठी, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत इतका पेटला की फ्रीमेसनविरोधी राजकीय पक्ष उभा राहिला.

दुसरा दाखला इटलीचा. मार्च १९८१ मध्ये पोलिसांनी लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या जागांवर छापा घातला. तिथे ‘पी-दोन’ नावाच्या लॉजच्या सभासदांची यादी सापडली. ९६२ नावं. त्यात मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तहेर खात्यांचे प्रमुख, संपादक, उद्योगपती. पुढे पंतप्रधान झालेले बर्लुस्कोनीही. इटलीच्या मुख्य मेसॉनिक संस्थेने या लॉजला १९७६ मध्येच निलंबित केलं होतं हे सांगायला हवं. पण लॉज चालूच होती, सरकारच्या आत दुसरं सरकार असावं तशी. यादी बाहेर येताच पंतप्रधान फोर्लानी यांचं सरकार कोसळलं.

याच्या चौकशीसाठी संसदेने समिती नेमली. तिची अध्यक्ष एक बाई होती, तीना अन्सेल्मी. कोवळ्या वयात फॅसिस्टांविरुद्ध लढलेली, १९७६ मध्ये इटलीची पहिली स्त्री मंत्री झालेली, स्त्री-पुरुषांना कामावर समान वागणूक देणारा १९७७ चा कायदा आणणारी. ज्या बंधुसंघात तिला पाऊल टाकता आलं नसतं, त्याचे कागद तिने १९८४ पर्यंत उलगडले आणि देशापुढे ठेवले. कुणाची ‘भाऊ’ नसलेली बाईच हे करू शकली, हा मला योगायोग वाटत नाही.

मग आपणही आत जायचं का?

काही मैत्रिणी म्हणतील, दार उघडा अशी मागणी करू या. तीही झालेली आहे. १८८२ साली पॅरिसजवळच्या ल पेक गावात स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या मारिया देरेम यांना दीक्षा दिली गेली. त्यासाठी त्या लॉजला आपल्या ग्रँड लॉजपासून फारकत घ्यावी लागली. १८९३ मध्ये मारियांनी जॉर्ज मार्तें यांच्यासह स्त्री-पुरुष दोघांसाठी ‘ल द्र्वा ह्युमें’, म्हणजे ‘मानवी हक्क’, ही संघटना उभी केली. अ‍ॅनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात गेल्या. इंग्लंडमध्ये तर फक्त बायकांच्या लॉज आहेत. १९९९ मध्ये तिथल्या पुरुषांच्या ग्रँड लॉजने जाहीर केलं की बायकांच्या दोन संस्थांचं काम नियमाप्रमाणेच चालतं, खोट एवढीच की त्यात बायका आहेत! पुढे काय बोलायचं?

या बायकांच्या हिमतीला कमी लेखायचं नाही. पण आत जाणं हा खरा उपाय आहे का, हे आपल्या मुंबईच्या एका गोष्टीवरून तपासू. माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ हिंदी म्हणून मुंबईच्या गोऱ्या लॉजमध्ये नाकारले गेले. अखेर त्यांना पॅरिसमध्ये दीक्षा मिळाली. १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली, तिच्यात माणेकजी आले. याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अ‍ॅलेक्झांड्रा ही इंग्रजी शाळा उघडली. म्हणजे स्त्रीशिक्षणाचा खरा कैवारी. बंद दाराचा अपमान त्यांनी स्वतः सोसलेला. तरीही ते दारातून आत गेले तेव्हा दार मोडलं नाही, एका पावलाने सरकलं. शाळेतल्या मुली बाहेरच राहिल्या. १९६१ मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली, तीही पुरुषांचीच.

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. शपथ तिथेही होती, पण ती उघड होती. डोळ्यांवर पट्टी नव्हती आणि सावित्रीबाई दाराबाहेर नव्हत्या. माणसं बांधायला गुपित लागतंच असं नाही, याचा दाखला आपल्या घरातच आहे.

आपलं गुपित आणि त्यांचं

आता एक प्रश्न आपल्याला हमखास विचारला जातो. ‘तुमच्या बैठकांत तरी पुरुषांना कुठे घेता? तुमच्या केंद्रावर आलेल्या बाईचं नाव तुम्ही कुठे सांगता?’ प्रश्न टाळू नये. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बाईचा पत्ता आपण सांगत नाही, कारण सांगितला तर तिच्या जिवाला धोका आहे. ही गोपनीयता दुबळ्याला बलवानापासून वाचवते. लॉजची गुप्तता बलवानांना प्रश्नांपासून वाचवते. आपल्या बाईला स्वतःची गोष्ट उद्या चव्हाट्यावर सांगायची असेल तर आपण तिच्या बाजूला उभ्या राहतो. तिच्या जिभेवर शपथ नाही. आणि आपल्या बंद दारामुळे बाहेरच्या कुणाची नोकरी, बढती किंवा न्याय हिरावला जात नाही.

पण ही कसोटी आपल्यालाही लावून घ्यायची. परिवर्तनवादी संघटनेत एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याविरुद्ध मुलगी तक्रार घेऊन येते आणि तिला सांगितलं जातं, ‘चळवळीची बदनामी होईल, आपापसात मिटवू.’ तिथे लॉजच भरलेली असते, फक्त गळ्यात दोरी दिसत नाही. २०१८ मध्ये ‘मी टू’ म्हणत बायका बोलू लागल्या तेव्हा असं किती दडपलेलं वर आलं, हे आपण पाहिलं. संघटनेच्या नावाने बाईचं तोंड बंद करायला सांगणारा ‘बंधुभाव’ किंवा ‘भगिनीभाव’, दोन्ही नाकारायला हवेत.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. न्यायाधीश, पोलीस अधिकारी, सरकारी पदावरचा कुणीही गुप्त शपथेने बांधलेल्या संस्थेचा सभासद असेल तर त्याने ते जाहीर करावं. सभासद होऊ नये असं आपण म्हणत नाही, लपवू नये एवढंच. कामाच्या जागेचे निर्णय कामाच्या जागीच, नोंद ठेवून व्हावेत. बायकांना बोलावलंच जात नाही अशा क्लबांत आणि पार्ट्यांत नव्हेत. अंतर्गत तक्रार समित्यांवर बसणाऱ्या मैत्रिणींनी हा मुद्दा लावून धरावा. आणि आपल्या प्रत्येक गटाने वर्षातून एकदा बसून स्वतःला विचारावं: आपण जे बंद ठेवतो, त्याने नेमकं कोणाचं संरक्षण होतं? उत्तर ‘आपल्या संस्थेचं’ असं आलं, तर ते दार त्याच दिवशी उघडावं.