विश्लेषण : पालवणकर बाळू घडले नेटमध्ये, शहापूर-मुरबाडच्या मुलांना नेट कुठे?

भातकापणी झाली की शहापूर आणि मुरबाडच्या मोकळ्या खाचरांत टेनिस बॉलचे सामने रंगतात. जिद्द असेल तर इथूनही मोठा क्रिकेटपटू घडेल, असे म्हटले जाते. त्यासाठी पालवणकर बाळूंचे उदाहरण दिले जाते. पण त्यांची कहाणी नुसत्या जिद्दीची नाही.

बाळू कोण होते?
चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ मध्ये इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघाने बहुतेक सामने गमावले, तरी बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती.

ते घडले कसे?
पुण्यात युरोपियनांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि नेट लावत. तिथेच कॅप्टन ग्रेगसारख्या फलंदाजांना तासन्‌तास गोलंदाजी करायला मिळाली. चांगली खेळपट्टी आणि कसलेला फलंदाज रोज समोर असणे, हीच त्यांची शाळा ठरली.

गुणवत्ता पुरेशी ठरली का?
नाही. पुण्यातील हिंदू संघाने त्यांना खेळवले, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात दिला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम यांचा मोठा वाटा होता. तरीही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले.

आजचा प्रश्न काय?
आसनगाव ते सीएसएमटी अंतर सुमारे ८५ किलोमीटर आहे. लोकलने जायला-यायला मिळून साधारण चार तास मोडतात. मुरबाडला रेल्वेच नाही. आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. शेतकऱ्याच्या मुलाने शाळा सांभाळून, किट खांद्यावर घेऊन आझाद मैदानावरचा सराव किती दिवस करावा? टेनिस बॉलवर हात बसतो, पण निवड होते सीझन बॉलवर.

तानसा आणि भातसा धरणांचे पाणी शहापूरमधून मुंबईला जाते. त्यासाठी मोठमोठ्या जलवाहिन्या टाकल्या गेल्या. खेळाडूंसाठी त्या मानाने फार थोडे लागते : दोन्ही तालुक्यांत सीझन बॉलची चांगली खेळपट्टी, नियमित प्रशिक्षक आणि वर्षातून एकदा तिथेच निवड चाचणी.

बाळूंना खेळपट्टी मिळाली ती नोकरीच्या योगायोगाने. शंभर वर्षांनंतरही मुलांना योगायोगावर सोडायचे असेल, तर त्यांना जिद्दीचे धडे देऊ नयेत.