शाळेच्या वहीवर सही कोणाची?

शेतकरी-कामकरी बंधुभगिनींनो, तुमच्या गांवच्या शाळेचा धनी कोण, असें कोणीं विचारलें तर तुम्ही काय सांगाल? हेडमास्तर म्हणाल, नाहींतर सरकार म्हणाल. आम्ही सांगतों, त्या शाळेवर देखरेख करण्याचा अधिकार कायद्यानें तुम्हांला दिला आहे, आणि तुमच्या नांवावर तो भलताच कोणी वापरीत आहे!

२००९ सालीं मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. त्याचें २१ वें कलम म्हणतें कीं, सरकारी व अनुदानित शाळेंत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यांत शेंकडा ७५ सभासद आईबाप किंवा पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेच्या कामावर नजर ठेवणें, विकासाचा आराखडा करणें, आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणें हीं तिचीं कामें. कागदावर याहून अधिक काय मागावें?

आतां गांवांत काय चालतें तें पहा. सभा भरते सकाळीं अकरा वाजतां. त्या वेळीं कुणबी रानांत, लोहार भात्यापुढें, सुतार वाकस चालवीत, आणि मजूर बाई दुसऱ्याच्या शेतांत खुरपीत असते. मग सभेला येतो कोण? ज्याच्या अंगाला घाम माहीत नाहीं तो पुढारी! ठराव अगोदरच लिहिलेला असतो. संध्याकाळीं एखादें पोर वही घेऊन बांधावर येतें, 'मामा, एवढी सही करा' म्हणतें, आणि मामा औत सोडतां सोडतां सही ठोकतात. बाईचें नांव सभासद म्हणून लागतें, खुर्चीवर बसतो तिचा नवरा. झाली सभा!

यावर शहाणे लोक म्हणतात, अडाण्यांना शाळेंतलें काय कळतें? वर्गाची भिंत ओळंब्यांत आहे कीं नाहीं हें गवंड्याला कळत नाहीं काय? पोषण आहाराचा तांदूळ किडका आहे कीं कसा, खिचडींत डाळ किती पडली, हें चुलीपुढें वीस वर्षें काढलेल्या बाईला कळत नाहीं, आणि तालुक्याहून गाडींतून येऊन पांच मिनिटें टेकणाऱ्या साहेबाला कळतें! बापाला अक्षर येत नसेल; पण चौथींतलें पोर विजेचें बिल वाचतांना अडखळतें, हें त्याच्या कानाला कळतेंच कीं.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हीच तक्रार मांडली होती: पट्टी शेतकऱ्याकडून, लाभ वरच्या वर्गाला. नांगराची मूठ धरण्यास ज्याला लाज वाटणार नाहीं असा मास्तर त्यांनीं मागितला होता. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां मूल न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला. त्या वेळीं पालक चुकूं नये म्हणून सरकार त्याच्या दारीं येत असे. आतां सरकार चुकूं नये म्हणून पालकानें शाळेच्या दारीं जावयाचें आहे. कर तर आम्ही आगपेटीपासून डिझेलपर्यंत भरतोंच.

मास्तरांशीं आमचें वैर नाहीं. एकटा मास्तर दोन-दोन वर्ग सांभाळतो, वर निवडणुकीचीं कामें करतो. दुसरा शिक्षक द्या, असा त्याचा एकट्याचा अर्ज धूळ खात पडेल. साऱ्या पालकांचा ठराव गेला तर वरच्यांना उत्तर द्यावें लागेल. दोष आमचाही आहेच. शेरडूं कोंडून मोकळें व्हावें तसें पोर शाळेंत घालून मोकळे होणारे आम्हीच!

तेव्हां पुढच्या सभेची नोटीस येतांच पहिला ठराव हा मांडा: सभा दिवेलागणीला भरावी. दुसरा, जमाखर्च मोठ्यानें वाचून दाखवावा. बाईचें नांव असेल तेथें बाईच बसेल. आणि कोणीं वही बांधावर धाडलीच, तर आणणाऱ्या पोराला पाणी पाजावें, गूळ द्यावा आणि वहीसकट कोऱ्या जागेनिशीं परत पाठवावें.