सर्टिफिकेट शिजवून खायचं काय?

मे महिन्यात नांदगाव खंडेश्वरच्या स्टँडवर सकाळी उभं राहा अन् बघा. पहिल्या गाडीनं पोट्टे अमरावतीला चाललेत. नववीतले, दहावीतले, बारावीचा पेपर देऊन मोकळे झालेले. कोणी सेंटरिंगवर, कोणी लग्नात पंगती वाढायला, कोणी मंडपाचे बांबू उचलायला. पोरी मायसोबत वावरात धसकटं वेचायला. शाळेच्या भाषेत याला उन्हाळी सुट्टी म्हणतात.

त्याच महिन्यात समाजसेवी संस्था हाक देतात. पोरांनो या, सेवा करा, समाज पाहा. मिळणार काय? चहा, सर्टिफिकेट अन् शेवटच्या दिवशी एक फोटो.

दहावीनंतर मीही गेलतो अशा एका संस्थेत. एसटीचं भाडं आपल्याच खिशातून. काम चांगलं करतो म्हणून पाठ थोपटली. आठव्या दिवशी माय म्हणाली, "बाप्पा, घरात काय आणतं तू याच्यातून?" नवव्या दिवशी मी मंडपवाल्याकडं होतो. संस्थेच्या वहीत शेरा पडला : चिकाटी नाही. माझ्यासोबत एका डॉक्टरचा पोरगा होता. त्यानं महिना पुरा केला. पुढं त्याच्या अर्जात 'समाजकार्याचा अनुभव' लिहिला गेला. आमच्या अंगावरून सारा समाज गेला, तो अनुभव कुठल्याच अर्जात बसत नाही.

दोस्तहो, घोळ इथंच आहे. फुकटाच्या कामाचं दार सगळ्यांना उघडं दिसतं. पण महिनाभर कमावलं नाही तरी ज्याच्या घरी चूल पेटते, तोच आत जाऊ शकतो.

वर ऐकवतात, सेवेला मोल नसतं. हा शब्द आम्हाला शिकवू नका. आमच्या आज्यापणज्यांनी मेलेली ढोरं ओढली, गावाचे सांगावे पोचवले, तेव्हा त्यालाही सेवाच म्हणत होते. संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगारीवर बंदी आणली. कोणी म्हणेल, इथं पोरं राजीखुशीनं येतात, ही वेठ नव्हे. कबूल. पण ज्यांना येताच येत नाही त्यांचं काय?

अन् मोल घेतलं की काम बाटतं, हे कोणी ठरवलं? गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. आधी खराट्यानं गाव झाडायचे, मग भाकर घ्यायचे. बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांना भिकेऐवजी काम दिलं. त्यांनीच सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत मे महिन्यात तरुणांना घाम गाळायला बोलावलं. पांढरपेशा पोरांच्या हाताला फोड आले, चांगलंच झालं. पण ज्याच्या हाताला सातवीतच घट्टे पडलेत, त्याला श्रमाचा संस्कार काहून पाहिजे? त्याला श्रमाचा दाम पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांना हे उमगलं होतं. १९४७ साली साताऱ्यात त्यांनी शिवाजी कॉलेज उभं केलं ते 'कमवा आणि शिका' या पायावर. पोरगं राबतं अन् त्यावर शिकतं. कोणाचे उपकार नाहीत.

सरकारलाही हे कळतं. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. पण वयाची अट १८ पासून. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालली, तिच्यात दोन वर्षांत २४० तास काम, दाम नाही. अन् आपल्या पोरांची शाळा सुटते ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी!

आपल्यातलेच काही म्हणतील, पोरांना पैशाची चटक लागेल, ही बालमजुरीची वकिली आहे. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या मोहल्ल्यातून सुट्टीपुरतं बांधकामावर गेलेलं पोरगं शाळेत परत आलं नाही, असं मी पाहिलंय. पण मित्रहो, पोट्टे आजही कामावरच आहेत. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात, चौथ्या मजल्याच्या फळीवर. चौदाच्या खालचं पोरगं मजुरीला ठेवता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनं १४ ते १८ वयाच्यांनाही धोक्याच्या कामावर बंदी केली. आपण मागतोय ते सावलीतलं, मुदतीचं काम. शाळा उघडली की ते संपलं.

कामं काय कमी आहेत? वाचनालयातल्या पुस्तकांची यादी करायची आहे. निराधार बायांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरायचे आहेत. जातीच्या दाखल्यासाठी १९५० आधीचा कागद शोधता शोधता माणूस तहसीलीत झिजतो, त्याच्यासोबत हिंडायचं आहे. हे काम आपल्या पोरांइतकं कोणाला जमेल? अर्जावरचा अंगठा त्यांच्या घरातला आहे.

पैसा कुठून, विचारतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकामाला लावायला सांगितले. त्यातला पैसा संस्थांकडं येतो. फलकाला, हारतुऱ्याला, पाहुण्याच्या गाडीला पैसा निघतो. पोराच्या घामापाशी येऊनच तो आटतो काय? २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर रोज ३१२ रुपये होता. त्याहून कमी नको. वर एसटीचं भाडं. सर्टिफिकेटही द्या, पण दामासोबत.

पुढच्या मे महिन्यात सेवेचं बोलावणं घेऊन कोणी तुमच्या वस्तीत आला, तर त्याला बसवा, पाणी द्या अन् एकच विचारा : भाऊ, रोज किती?

तो लाजला तर लाजू द्या. आपण लाजायचं नाही.