हवेपेक्षा वाट गुणकारी

1859 मध्ये हिवाळ्याच्या तोंडावर जेम्स हेन्री बेनेट नावाचे लंडनचे एक डॉक्टर भूमध्य समुद्राच्या काठी मांतों या छोट्या गावात येऊन राहिले. त्यांना क्षय झाला होता. क्षयाच्या जंतूचा शोध लागायला अजून 23 वर्षे होती आणि त्यावर औषध सापडायला 80 हून अधिक. शेवटचे दिवस शांतपणे जावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण ते सावरले. पुढे कित्येक वर्षे दर हिवाळ्यात ते मांतोंला येऊन रुग्ण तपासत राहिले, आणि 1861 मध्ये त्यांनी तिथल्या हवेचे गुण सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. ते स्वतः 1891 पर्यंत जगले. पुस्तक गाजले आणि मांतों हे युरोपातल्या क्षयरोग्यांचे आशास्थान झाले.

त्याच गावातल्या टेकडीवरच्या दफनभूमी मात्र वेगळी कहाणी सांगतात. बरे होण्यासाठी आलेली कितीतरी तरुण माणसे तिथे विसावली आहेत. ऑब्री बिअर्डस्ली हा प्रतिभावान इंग्रज चित्रकार 1898 मध्ये मांतोंमध्येच क्षयाने गेला, तेव्हा त्याचे वय अवघे 25 होते. बेनेट यांना जी हवा लाभली, तीच बिअर्डस्लीलाही मिळाली होती. क्षयाचे काही रुग्ण औषधाविनाही सावरतात, हे आता ठाऊक आहे. जो सावरला त्याने पुस्तक लिहिले. जे गेले त्यांच्या अनुभवाचे पुस्तक निघाले नाही. ‘हवा गुणकारी’ हा समज अशाच एकतर्फी पुराव्यावर वाढला.

मराठी वाचकाला हा समज परका नाही. ‘हवापालट’ हा शब्दच त्यातून आला आहे. पाचगणीला, मिरजेला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे उभी राहिली ती याच विश्वासावर. प्रभावी औषधे आली आणि हवापालटाचा वैद्यकीय दबदबा ओसरला. ते योग्यच झाले. पण भूमध्य समुद्राच्या त्या किनाऱ्यावर, म्हणजे फ्रान्सच्या रिव्हिएरावर, हवेच्या शोधात आलेल्या रुग्णांमुळे एक वेगळी गोष्ट घडली आणि ती टिकली. ती म्हणजे चालण्याच्या वाटा. हवेबद्दलचा दावा विज्ञानाच्या कसोटीला उतरला नाही. वाट मात्र उतरली. आज तिकडे जाणारा पर्यटक नेमके उलटे करतो. हवेचे कौतुक करतो, निळ्या पाण्याचे फोटो काढतो आणि वाटेवर पाऊल न टाकता बसमध्ये परत चढतो.

नीस शहरातला प्रसिद्ध ‘प्रॉमनाद देझांग्ले’ म्हणजे ‘इंग्रजांचा फेरफटक्याचा रस्ता’ हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर-लेखक 1763 ते 1765 या काळात प्रकृतीसाठी नीसला राहिला, आणि त्याच्या प्रवासवर्णनाने इंग्रजांना या गावाची ओळख करून दिली. मग हिवाळा काढायला येणाऱ्यांची रीघ लागली. पण समुद्राकाठी धड चालता येईना. 1820-21 च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या गरिबांचे हाल झाले, तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने वर्गणी गोळा केली आणि हाताला काम नसलेल्यांकडून किनाऱ्यालगत एक पायवाट बांधून घेतली. दोनेक मीटर रुंदीची ती वाट वाढत वाढत आज सुमारे सात किलोमीटरची झाली आहे. ती सपाट आहे आणि तिच्यावर बसायला निळ्या खुर्च्या आहेत. नीसच्या या ‘हिवाळी वास्तव्याच्या’ इतिहासासाठीच युनेस्कोने 2021 मध्ये शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. दुष्काळी कामातून रस्ता व्हावा तशी झालेली ही वाट दोनशे वर्षांनीही लोकांना चालवते आहे. कोणत्या टॉनिकने एवढी सेवा केली असेल?

दुसरी वाट आरोग्यासाठी बांधलेलीच नव्हती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर चोरटा माल उतरू नये म्हणून जकात खात्याचे शिपाई गस्त घालत. त्यांच्या पायाखाली मळलेल्या वाटांना आजही ‘जकातवाल्यांची पायवाट’ म्हणतात. पुढे किनाऱ्यावर धनिकांचे बंगले उठले आणि समुद्र कुंपणाआड जाऊ लागला. तेव्हा 31 डिसेंबर 1976 च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनींवर तीन मीटर रुंदीचा पट्टा पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवणे बंधनकारक केले, आणि 1986 च्या किनारा कायद्याने या धोरणाला आणखी बळ दिले. कायदा झाला म्हणून सगळीकडे वाट लगेच खुली झाली असे नाही. तरीही जगातल्या काही महागड्या बंगल्यांच्या पायथ्याशी आज कुणीही, एक पैसाही न देता, चालू शकतो. हा कायदा आरोग्य खात्याचा नाही. पण तीन मीटरची ती पट्टी म्हणजे आरोग्याची सार्वजनिक सोयच आहे.

या किनाऱ्यावर सोप्या वाटा किती आणि कशा आहेत, ते पाहण्यासारखे आहे. बोल्यू ते सें-जाँ ही समुद्रालगतची फरसबंद वाट जेमतेम सव्वा किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यालाही ती झेपावी. तिच्या एका टोकाजवळ ‘व्हिला केरिलोस’ आहे. तेओदोर रेनाक या पुराणवस्तू-अभ्यासकाने 1902 ते 1908 या काळात प्राचीन ग्रीक घराच्या धर्तीवर बांधून घेतलेली ही वास्तू आहे. दुसऱ्या टोकाला सें-जाँचे बंदर आहे. ज्यांचे पाय अजून ताजे आहेत त्यांना तिथून पुढे काप फेरा या भूशिराला वळसा घालता येतो. ती सुमारे सहा किलोमीटरची वाट खडकांतून, अधूनमधून पायऱ्यांवरून, दीपगृहाजवळून जाते.

आणखी पूर्वेला रोकब्रून-काप-मार्तां हे रेल्वे स्थानक आहे. तिथून निघणाऱ्या वाटेला ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पीचे नाव दिले आहे. चंडीगडची आखणी करणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी समुद्राकाठी बांधलेली लाकडी झोपडी 3.66 मीटर लांब आणि तेवढीच रुंद, एका खोलीची आहे. चंडीगडचा सरकारी इमारतींचा परिसर आणि ही चिमुकली झोपडी, दोन्ही 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत एकाच नोंदीखाली आली. शेजारीच आयलीन ग्रे या वास्तुशिल्पी बाईंनी 1920 च्या दशकात बांधलेले पांढरेशुभ्र घर आहे. याच ठिकाणी 27 ऑगस्ट 1965 रोजी, वयाच्या 77 व्या वर्षी, समुद्रात पोहताना ल कॉर्बुझिएचा अंत झाला. चालणे आणि खोल पाण्यात एकट्याने पोहणे यांत हृदयाच्या दृष्टीने किती अंतर आहे, याची आठवण ती जागा देते.

या सगळ्या वाटांना सोपे करणारी गोष्ट वाटेवर नाही, रुळांवर आहे. नीसपासून मांतोंपर्यंत किनाऱ्याला धरून लोकल गाडी धावते आणि दर काही किलोमीटरवर स्थानक आहे. चालत जावे, दमल्यावर गाडीने परतावे. परतीच्या अंतराची धास्ती नसली की माणूस जास्त चालतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, असे रमतगमत चालणे म्हणजे काही व्यायाम नव्हे. घाम निघाला पाहिजे, दहा हजार पावले झाली पाहिजेत. या दहा हजारांचा उगम प्रयोगशाळेत नाही. 1960 च्या दशकात जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. तो आकडा तिथून जगभर पसरला. अमेरिकेत 16,741 वयस्क स्त्रियांची पावले मोजून केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 72 होते. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे 4,400 पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतले मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळले. साधारण 7,500 पावलांनंतर आणखी फायदा दिसला नाही. एकूण पावलांचा हिशेब धरला, तर वेगाचा वेगळा परिणाम स्पष्ट दिसेना. अर्थात हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. मुळात धडधाकट असलेले लोक जास्त चालतात, हीही शक्यता असते, आणि संशोधकांनी ती शक्य तितकी वजा केली तरी पूर्ण जात नाही. बेनेट यांच्या पुस्तकाला लावलेली कसोटी इथेही लावायलाच हवी. पण दिशा स्पष्ट आहे: सर्वाधिक लाभ अजिबात न चालणाऱ्याने थोडे चालू लागण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 च्या शिफारशींत आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम सुचवले आणि ते सलग किमान दहा मिनिटे असावेत ही जुनी अट काढून टाकली. तुकड्या-तुकड्यांनी चाललेलेही जमेस धरले जाते.

इथेच ऐतिहासिक स्थळांचे महत्त्व कळते. पाहण्यासारखे काही असले की माणूस थांबतो, टेकतो, पुन्हा निघतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने चालताना ज्यांच्या पोटऱ्या दुखतात, त्यांना डॉक्टर हाच सराव सांगतात: दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणे शमले की पुन्हा चाला. घरासमोरच्या रस्त्यावर असे थांबणाऱ्याला संकोच वाटतो. दीपगृहापाशी किंवा जुन्या घराच्या फाटकापाशी थांबणाऱ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. इतिहास तिथे दमलेल्याची लाज राखतो.

‘सोपे’ म्हणजे बेफिकीर मात्र नव्हे. याच किनाऱ्यावर एझ गावाची वाट आहे. 1880 च्या दशकात नीसला हिवाळे काढणारा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे ती चढत असे, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. समुद्रापासून वरच्या गावापर्यंतचा तिचा चढ सुमारे चारशे मीटरचा आहे, आणि उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो. प्रसिद्ध वाट आणि झेपणारी वाट एकच नसते. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, हे मध्यम श्रमाचे साधे माप आहे. बोलताही येईना तर थांबावे. मधुमेहींनी सहलीसाठी घेतलेले कोरे बूट पहिल्यांदा तिथे घालू नयेत. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. जुलै-ऑगस्टच्या उन्हात दुपारी चालू नये. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. जुन्या काळचे पाहुणेही हिवाळ्यातच येत, उन्हाळ्यात येण्याची पद्धत विसाव्या शतकातली. समुद्र खवळला की खडकांवरच्या वाटा बंद केल्या जातात, तो फलक मुकाट्याने मानावा.

महाराष्ट्रातून युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात. नीसचा थांबा बहुधा फोटोपुरता असतो. ‘आईंना चालणं झेपणार नाही, त्या बसमध्येच बसतील’ हे वाक्य अशा सहलींत काळजीपोटीच म्हटले जाते. पण दहा-बारा तासांच्या विमानप्रवासानंतर दिवसच्या दिवस बसमध्ये बसून राहणे, पाय सुजणे आणि तीन वेळा भरपेट खाणे हे आईंच्या प्रकृतीला सव्वा किलोमीटरच्या सपाट वाटेपेक्षा कितीतरी जास्त त्रासदायक आहे. कार्यक्रमपत्रिकेतले एक दुकान गाळून तिथे एक तास या वाटेला देणे सहल-आयोजकाला अवघड नाही. वाट किती लांब, पायऱ्या किती, बसायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे, एवढी माहिती आधी दिली तर निम्म्या ‘न झेपणाऱ्यां’ना ती झेपेल. सहलीचे पैसे भरताना जेवण शाकाहारी आहे ना, हे आवर्जून विचारले जाते. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा: रोज पायी चालायला मोकळा तास आहे का? पुरेसे लोक विचारू लागले, तर पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत तो तास छापलेला दिसेल.